विषय: जुलैत कोल्हापूर, पोरांच्या तब्येतीचं काय?

नमस्कार मंडळी,
जुलैत पाच आठवडे कोल्हापूरला जातोय, पोरं पहिल्यांदाच पावसाळा बघणार. लसी-बिसी घ्यायच्या का? आमचे हे म्हणतात आपण तिथलीच माणसं, आपल्याला काय होतंय.

---
वहिनी,
दादांचं हे वाक्य मीपण म्हणत होतो. दोन वर्षांमागं दिवाळीला गेलतो, तांबडा-पांढरा, मिसळ सगळं हाणलं, काय झालं नाही, रस्सा उकळताच असतोय की. नडलं दूध. संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस उभी, डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ ग्लास हातात, अजून कोमट, लहानपणी आबा न्यायचे तसंच, दोन ग्लास मारले. इथं आल्यावर तीन आठवड्यांनी रोज संध्याकाळी ताप, पहाटे घामानं उशी ओली, कंबर धरलेली. डॉक्टर म्हणाला फ्लू, दोनदा म्हणाला. मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं कुठं गेलतास, कच्चं काय प्यालास, तेव्हा कुठं ब्रुसेलोसिस निघाला, म्हणजे जनावरांच्या कच्च्या दुधातनं येणारा जंतूंचा ताप. रक्त पाठवायच्या आधी बाईंनी लॅबला फोन केला, ते जंतू म्हणे लॅबवाल्यांनाच लागतात! सहा आठवडे दोन-दोन अँटिबायोटिक. नुसतं उकळून प्यालो असतो तर काय बिघडलं असतं? परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरनं विचारायची वाट बघू नका, आपणच सांगा गावाकडनं आलोय म्हणून.

---
वरच्यांचं अगदी बरोबर. मी इथे मुलांचीच डॉक्टर आहे म्हणून दोन शब्द. टायफॉइडचं इंजेक्शन निघायच्या निदान दोन आठवडे आधी घ्या, हेपटायटिस ए राहिली असेल तर तीपण. आणि डास फक्त रात्री चावतात असं धरून बसू नका, डेंग्यूचा दिवसा चावतो आणि गटारात नाही, घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, पाणी भरून ठेवलेलं पिंप, कुंडीखालची बशी, गच्चीवरचं टायर. पोरांना दिवसापण फुल बाह्या. ताप आला तर पॅरासिटामॉलच, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो. जुलाब लागले तर लगेच ओआरएस, पाकीट एक लिटरचं असेल तर मोजून एक लिटरच पाणी, ग्लासात अंदाजे अर्धं पाकीट टाकू नका.

---
थँक्यू दोघांना! लसींची अपॉइंटमेंट घेतली, पिंपाला फडकं बांधायला दिराला सांगितलं. दुधाचं मात्र अवघड आहे. सासरे रोज सकाळी किटली घेऊन कट्ट्यावर जातात आणि नातवंडांना तिथंच पाजायचं असं त्यांनी आत्तापासून ठरवून ठेवलंय, फोनवर पोरांना सांगूनपण झालंय. त्यांना कोण सांगणार? ह्यांनी हात वर केलेत.