गेटवरचा गोठा यंदा आपणच करायचा का?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. नाताळसाठी गेटवर थर्माकोलचा गोठा (येशूजन्माचा देखावा) आणि प्लास्टिकचा मोठा तारा, असं डेकोरेटरचं कोटेशन आलंय. कोणाची हरकत?

डिमेलो काकू (बी ३०२): माझी आहे. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे. गणपतीत हेच आपण सगळ्यांना ओरडून सांगत होतो ना?

सावे (ए १०४): बरोबर काकू. पण आज १३ तारीख. आता होणार कधी?

डिमेलो काकू: म्हणूनच आज बोलतेय. नाचणी आज रात्री भिजत घाला, उद्या पेरा. चोवीसपर्यंत छान हिरवळ येते, गोठ्यापुढचं कुरण तयार. पसरट ट्रे घ्यायचा, दोन बोटं माती, वर दाणे दाट भुरभुरायचे. पाणी हाताने शिंपडायचं, ओतलं की सगळे दाणे एका कोपऱ्यात जाऊन बसतात. कोंब दिसेपर्यंत ओल्या गोणपाटाखाली ठेवा, मग उजेडात.

रेश्मा (सी ५०१): गोठ्याला पेंढा मी आणते, माहेरी भाताची शेती आहे. नंतर तबेल्यात देऊन टाकू.

लोपीस अंकल (ए ६०३): ताऱ्याचं माझ्याकडे. दिवाळीच्या कंदिलांच्या उरलेल्या कामट्या क्लब हाऊसच्या माळ्यावर आहेत. दोन-दोन फुटांच्या दहा लागतील. पाचांचा एक सपाट तारा, तसाच दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवून आधी फक्त पाच टोकं दोऱ्याने आवळायची. मग आतल्या पाच कोपऱ्यांत सहा-सहा इंचांचे तुकडे उभे अडकवायचे, की तारा फुगतो. घाईघाईत तुकडे आधी बांधले तर तो वाकडाच होतो, मग कितीही कागद चिकटवा.

सावे: कागद कुठला? जिलेटिन?

लोपीस अंकल: अजिबात नको. पतंगाचा कागद. संक्रांत जवळ आलीय, दुकानात ढीग असेल. चिकटवायला मैद्याची खळ. आमचे वडील झुरळं लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालायचे, पण ते विषारी, पोरं हात घालणार असतील तर नकोच. आत एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब कागद जाळेल.

रेश्मा: ख्रिसमस ट्रीला काय? संत्र्याच्या चकत्या वाळवून टांगतात ना?

डिमेलो काकू: टांगतात, पण आपल्या दमट हवेत उन्हात ठेवल्या तर बुरशी. ओव्हन मंद ठेवून तीन-चार तास लागतात. शिवाय संत्र्याची साल सुटी, चकती फाटते. मोसंबी घ्या. किंवा सरळ भुईगावच्या किनाऱ्यावर जा, सुरूची बोंडं खाली पडलेली मिळतात, ती दोऱ्यात ओवा. फांद्या मात्र तोडायच्या नाहीत हं!

सावे: आणि बर्फासाठी कापूस?

लोपीस अंकल: सावे, वसईत बर्फ कधी पडला? 😄 त्यात कापूस आणि लाइटिंगची माळ शेजारी शेजारी, नकोच ते.

सेक्रेटरी: ठीक, डेकोरेटरला नाही कळवतो. चमकी पण नको ना?

डिमेलो काकू: नको, तीही प्लास्टिकच. जुन्या लग्नपत्रिका आणा सगळ्यांनी. सोनेरी कागद हवा तेवढा मिळेल.

जोशी (बी १०१): आमच्याकडे नाचणीचं पीठ आहे, चालेल का?

डिमेलो काकू: जोशी, त्याच्या भाकऱ्या करून पाठवा. पेरायला अख्खी नाचणी लागते.