नकार आले म्हणून सनद कपाटात ठेवू नकोस

पुण्या-मुंबईच्या फर्मकडून नकारावर नकार येतायत, वकिलीच चुकली का, असं तू विचारलंयस. अजिबात नाही रे. बऱ्याचदा अर्ज नीट वाचलाही जात नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात सुरू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचीही कामं इथंच येतात. नुसत्या ईमेलवर विसंबू नकोस. कोर्ट सुटल्यावर संध्याकाळी वकिलांना ऑफिसात जाऊन भेट, स्वतः केलेला एखादा ड्राफ्ट दाखव. सातबारा, फेरफार बारकाईनं वाचून त्यावरून इंग्रजीत तारीखवार घटनाक्रम मांडता आला, तर तुझं काम लगेच नजरेत भरेल. स्टायपेंडचं मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट विचार, भावा. फुकट राबायला होकार देऊ नकोस.