मदत हवी आहे: फाटकावरच्या चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला लेखी नकार कसा द्यावा?

वळचण: आमच्या सोसायटीने फाटकावर चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवला असून, शनिवारपर्यंत घरकामाला येणाऱ्यांसह सर्वांनी चेहरे नोंदवावेत, असे पत्रक लिफ्टमध्ये लावले आहे. मावशींचा चेहरा समितीने चाचणीसाठी आधीच नोंदवला. तरी काल त्या उन्हातून डोक्यावर पदर घेऊन आल्या, तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत ‘अनोळखी’ असे उमटत राहिले आणि त्या वीस मिनिटे बाहेर उभ्या होत्या. नकार कोणत्या कायद्याखाली द्यावा, एवढेच सांगा.

उंबरठा: ठराव सर्वसाधारण सभेत झाला की केवळ समितीत? चेहऱ्यांची नोंद कोणाकडे राहते?

माजी सचिव: आमच्याकडे कॅमेऱ्यामुळेच सायकलचोर सापडला. ज्याला काही लपवायचे नाही, त्याने विरोध का करावा, हे मला समजत नाही.

उंबरठा: सायकलचोर तुम्ही चित्रण पाहून शोधलात. हे यंत्र चेहऱ्याची मोजमापे काढून नोंदीशी ताडते आणि किती साम्याला ‘ओळख’ म्हणायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात कळवले होते की, ८० टक्क्यांहून अधिक साम्य ते जुळणी मानतात. तुमच्या फाटकावर ही मर्यादा कोणी ठरवली?

तारजोडणी: कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर घ्या. ऊन पाठीमागून येत असेल तर चेहरा काळा दिसतो. वर छज्जा लावल्यास फरक पडेल.

वळचण: मला कॅमेरा सुधारायचा नाही! ठराव मी पाहिलेला नाही. मी भाडेकरू आहे आणि मालक नाशिकला असतात. मावशींच्या येण्याजाण्याच्या वेळा रोज सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतात, हेही लिहायचे राहिले.

उंबरठा: हे आधी सांगायला हवे होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभांची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क सभासदाला आहे. तेव्हा ती मालकांकडून मागवा. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, त्याचा उल्लेख पत्रात अवश्य करा. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असले, तरी संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणून केवळ त्यावर विसंबू नका.

माजी सचिव: वेळा गटावर टाकणे मात्र मलाही पटत नाही.

ओसरी: चेहरा मावशींचा आहे. त्यांना विचारलेत का?

वळचण: नव्हते विचारले. आज विचारले, तर म्हणाल्या, “फोटो राहू दे ताई, पण मी कधी येते नि कधी जाते, हे साऱ्या बिल्डिंगला कशाला?” पत्राचा पहिला परिच्छेद आता गटावरच्या वेळांविषयी लिहिते आहे; चेहऱ्याचा नकार त्याखाली, फक्त माझ्या नावाने देईन.