पहिल्या दिवशीची नाकं मुरडणं

नवा फोन जाहीर झाला की चाहत्यांचं ठरलेलं असतं: आपल्या ब्रँडचा असेल तर 'क्रांती' आणि समोरच्याचा असेल तर 'यात नवीन काय?' पण पहिल्या दिवशीची नाराजी विक्रीपर्यंत टिकतेच असं नाही.

२०११ साली सॅमसंगने गॅलेक्सी नोट आणला तेव्हा त्याच्या ५.३ इंची स्क्रीनची यथेच्छ टिंगल झाली. कानाला पाटी लावून बोलणार का, वगैरे. वर स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर लिहायचं पेन! तीनच वर्षांत अ‍ॅपलने ५.५ इंचांचा आयफोन ६ प्लस काढला. आज त्या नोटला मोठा म्हणायलाही कुणी धजावणार नाही.

कंपन्याही काही कमी नाहीत. २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गायब झाला, तेव्हा सॅमसंगने 'आमच्याकडे मिळतो' छाप चिमटा काढून घेतला. पुढच्याच जानेवारीत गॅलेक्सी एस२१ आला, तोही चार्जरविना. चिमट्याची पोस्ट त्याच सुमारास गुपचूप काढून टाकली!

टॅबलेटचं प्रकरण मात्र निराळं. तिथे रॅम आणि प्रोसेसरवरून हमरीतुमरीवर येण्यात काय हशील? कीबोर्डचे पैसे बहुतेक वेळा वेगळे मोजावे लागतात, त्यामुळे जाहीर केलेली किंमत ही निम्मीच गोष्ट. आणि अँड्रॉइडवर कित्येक अ‍ॅप्स अजूनही फोनचंच रूप ताणून दाखवतात. नाहीतर टॅबलेट आडवा धरला की दोन्ही बाजूंना नुसत्या रिकाम्या पट्ट्या. हे कंपनीच्या सादरीकरणात कोण दाखवणार? रोज टॅबलेटवर काम करणाऱ्या कुणी लिहिलं तर वाचायला आवडेल.