आरोग्याचा अनुशेष कशाने मोजावा: लोकसंख्येने की पोहोचायला लागणाऱ्या वेळेने?

सातपुडा_पायथा (प्रश्न):
जिल्हा वार्षिक योजनेत आमच्या तालुक्याच्या आरोग्यविषयक मागण्या मांडण्यासाठी टिपण तयार करण्याचे काम आमच्या देखरेख गटाने माझ्याकडे दिले आहे. आमचा तालुका नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आहे. अडचण अशी की, प्रचलित निकष लावले तर आमच्याकडे फारशी तूट निघतच नाही. सपाट प्रदेशात 30,000 आणि डोंगराळ व आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर उपकेंद्रासाठी अनुक्रमे 5,000 आणि 3,000 लोकसंख्या, असा हिशेब आहे. या हिशेबात माणसे मोजली जातात; पाड्यांमधील अंतर, मध्ये येणारा नाला, पावसाळ्यात वाहून जाणारा रस्ता मोजला जात नाही. त्यामुळे बैठकीत "तुमच्याकडे तर निकषापेक्षा एक उपकेंद्र जास्तच आहे" असे उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. जिल्हा नियोजन समितीला नाकारता येणार नाही असे दुसरे कोणते मोजमाप आम्ही मांडावे?

अर्थरेषा:
तुमच्या अडचणीचे मूळ जुने आहे. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने 1984 मध्ये अहवाल दिला, तेव्हा जिल्हा हे एकक आणि राज्याची सरासरी ही पट्टी धरली होती. रस्ते, सिंचन, शिक्षण यांच्याबरोबर आरोग्यसेवाही त्या हिशेबात होत्या, आणि एकूण अनुशेष तीन हजार कोटी रुपयांच्या वर निघाला. त्या काळी उपलब्ध असलेल्या आकडेवारीचा विचार करता ती पद्धत वाजवी होती, यात शंका नाही. परंतु सुविधांमधील तूट एकदा रुपयांत मांडली की ती भरून काढण्याचा सोपा मार्ग इमारत बांधणे हाच ठरतो, आणि इमारत उभी राहिली की अनुशेष कागदावरून पुसला जातो. पुढे घटनेच्या कलम 371(2) नुसार 1994 मध्ये प्रादेशिक असमतोलावर लक्ष ठेवणारी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, म्हणजे त्यानंतर ही तक्रार नेण्याचे तेही एक ठिकाण उरले नाही.

जिल्हा हे एकक धरल्याने काय झाकले जाते, ते तुमच्याच जिल्ह्यात पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे 36 टक्के मुले कमी वजनाची आढळली. नंदुरबारमध्ये हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. हा आकडाही तापीकाठचे शहादा आणि डोंगरातले धडगाव व अक्कलकुवा एकत्र मोजून आलेला आहे. तालुक्याचा वेगळा आकडा ते सर्वेक्षण देत नाही.

एक सावधगिरीही सांगतो. मांडणीचा सगळा भार बालमृत्यू दरावर टाकू नका. जन्म-मृत्यूचे दर काढणारी सरकारची नमुना नोंदणी योजना राज्याचा दर देते, जिल्ह्याचा देत नाही. तालुक्याच्या नोंदींवरून तुम्ही स्वतः दर काढलात, तर लहान संख्येची अडचण येते. समजा, वर्षाला 4,000 जन्म झाले आणि हजारी 25 बालके दगावली, तर एकूण मृत्यू 100 होतात. काहीही न बदलता पुढच्या वर्षी ते 85 किंवा 115 असू शकतात. ते 85 झाले की प्रशासन श्रेय घेईल आणि 115 झाले की नोंदणी सुधारल्याचे सांगेल. म्हणून वेळेचे मोजमाप मला अधिक टिकाऊ वाटते.

निवृत्त_वैअ:
मी आदिवासी तालुक्यांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आहे. वेळ मोजायचीच असेल, तर ती पाड्यापासून जवळच्या केंद्राच्या फाटकापर्यंत मोजू नका, कारण त्या आकड्याने तुमचीच बाजू लंगडी होईल. अडलेल्या बाळंतिणीच्या दृष्टीने केंद्र हे बहुतेक वेळा मुक्कामाचे ठिकाण नसते. आधी मोबाईलला नेटवर्क मिळेल अशा टेकडीवर कोणीतरी जायचे, मग 108 ची गाडी डांबरी रस्त्यावर येऊन थांबायची आणि तोपर्यंत बाईला बांबूच्या झोळीतून तिथवर आणायचे. केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, आणि तिथे भूलतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालय. सिझेरियनसाठी शल्यक्रिया करणारा डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तीन गोष्टी एकाच वेळी एकाच छताखाली लागतात. त्यांतील दोन असणे आणि एकही नसणे यांत त्या बाईच्या दृष्टीने फरक नाही.

तेव्हा मोजमाप असे ठेवा: प्रत्येक पाड्यापासून, रात्री, पावसाळ्यात, या तिन्ही गोष्टी प्रत्यक्ष हजर असलेल्या ठिकाणी पोहोचायला किती वेळ लागतो. मेळघाटात धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, तेही व्याघ्रप्रकल्पाच्या घाटरस्त्याने. तिथे हा आकडा काढला, तर लोकसंख्येचा निकष किती अपुरा आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरी बाब मंजूर पदांची. रिक्त पद निदान तक्त्यात दिसते. प्रतिनियुक्तीवर गेलेला माणूस मात्र भरलेल्या रकान्यातच राहतो: वेतन डोंगरातल्या केंद्राच्या नावे निघते आणि माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. त्यातच बंधपत्रित, म्हणजे ठरावीक मुदतीच्या सेवेचे बंधन असलेले, डॉक्टर मुदत संपली की जातात आणि पाड्यापाड्यांवर फिरून तपासणी करणाऱ्या भरारी पथकांतील डॉक्टरांच्या नेमणुका कंत्राटी असतात. असा अनुशेष इमारती बांधून भरून निघत नाही.

गटप्रवर्तक_ताई:
वरील दोन्ही उत्तरे योग्यच आहेत. तरीही ती रुग्णालयाच्या बाजूने पाहणारी आहेत, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. प्रसूतीच्या काही दिवस आधी बाईने केंद्रात येऊन राहावे म्हणून माहेरघर योजना आहे, म्हणजे अंतरावरचा उपाय कागदावर तयार आहे. तरी खोल्या रिकाम्या राहतात. का, हे आमच्या आशा ताईंना विचारा. घरी दोन लहान मुले आणि शेळ्या असतात, सासू मजुरीला जाते, आणि बाईसोबत येऊन राहणाऱ्या माणसाचा रोज बुडतो. बुडीत मजुरी देण्याची तरतूद आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवनी योजनेत आहे, परंतु ती महिन्यांनंतर बँक खात्यात जमा होणार असेल, तर त्या आठवड्यातील पिठामिठाचा प्रश्न सुटत नाही.

नवजात बालकाच्या घरभेटींचेही तेच. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रीकडून घरातच नवजात बालकाची काळजी घेता येते हे दाखवून दिले. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्यूंमध्ये 62 टक्के घट नोंदली होती. त्यावरूनच पुढे देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात प्रसूती झाली असेल, तर 42 दिवसांत सहा भेटी. पण दिवाळीनंतर आमच्याकडील कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात आणि पंधरा दिवसांचे बाळ घेऊन बाई टोळीबरोबर निघते. इथल्या यादीत ती आहे. जिथे ती प्रत्यक्ष राहते तिथल्या आशेच्या यादीत तिचे नाव नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा हीच पोकळी उघडी पडली होती: गावात असताना खासगी दवाखाना, ऊसतोडीच्या फडावर असताना काहीच नाही. तुमच्या टिपणात पाड्यानुसार वेळ जरूर मांडा, परंतु त्याशेजारी नोव्हेंबर ते एप्रिल या काळात त्या पाड्यावर किती गरोदर आणि स्तनदा माता राहतात, हा रकानाही ठेवा.

सातपुडा_पायथा:
सर्वांचे मनापासून आभार. रात्रीचा प्रवास आणि स्थलांतर हे दोन्ही रकाने घेत आहे. आशांच्या नोंदवह्यांवरून ते भरता येतील. प्रतिनियुक्तीची माहिती मात्र तालुका कार्यालय तोंडी देते, लेखी देत नाही. ती कशी मिळवावी?

निवृत्त_वैअ:
माहिती अधिकारात "प्रतिनियुक्तीची यादी" मागू नका. तशी यादी ठेवलेली नाही, असे उत्तर येईल. प्रत्येक केंद्राचे एकाच महिन्याचे वेतनदेयक आणि त्याच महिन्याचा हजेरीपट यांच्या प्रती मागा. हे दोन्ही कागद कार्यालयाला ठेवावेच लागतात. महिना जुलै किंवा ऑगस्टचा निवडा आणि दोन्ही कागदांवरील नावे शेजारी शेजारी लिहून टिपणाला जोडा.