विषय: इयर सिक्सचा वर्ग, उत्क्रांती आणि बायबलमधल्या 'उत्पत्ती'चा पहिला अध्याय

नमस्कार मंडळी,

आमची लेक इथल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रायमरीत इयर सिक्सला, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या वर्गात आहे. आम्ही ख्रिस्ती नाही, पण शाळा चांगली म्हणून तिथे घातली. गेल्या आठवड्यात असेंब्लीला आलेल्या एका पाहुण्याने सांगितलं की बायबलमधल्या नोहाने प्रलयातून प्राणी वाचवले, त्या तारवात डायनोसॉरसुद्धा होते. दुसऱ्याच दिवशी विज्ञानाच्या तासाला मिसने फळ्यावर लिहिलं, डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. पोर घरी येऊन रडायला लागली, "दोघंही शाळेतच सांगतात, मग खोटं कोण बोललं?" रात्री व्हिडिओ कॉलवर आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, मत्स्य, कूर्म, वराह बघ, डार्विनच्या आधीच आपल्याकडे सगळं होतं. ती आणखीनच गोंधळली.

तिला आर. ई.च्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, तासातून काढावं का?

— एक आई, रेडिंग

* * *

वहिनी,

काढता येतं, आणि कारणही द्यावं लागत नाही. १९९८ च्या शाळा कायद्याने पालकांना तो हक्क दिला आहे, आर. ई. आणि सामूहिक प्रार्थना दोन्हींसाठी. विज्ञानातून मात्र काढता येत नाही. सप्टेंबर २०१४ पासून उत्क्रांती इयर सिक्सच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे.

आम्ही आमच्या मुलाला काढलं होतं. तो तेवढा वेळ लायब्ररीत एकटा बसून राहायचा. पुढच्या टर्मला परत घातला.

— एक बाबा, स्लाव

* * *

रेडिंगच्या ताईंना,

काढू नका, अशी माझी मनापासून विनंती आहे. मी मूळची नगरची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. गेली चौदा वर्षं इथे चर्चच्याच शाळेत इयर सिक्सला शिकवते, त्याच मुलांना सकाळी विज्ञान आणि दुपारी आर. ई.

तारवातल्या डायनोसॉरचं वाचून फार वाईट वाटलं. चर्च ऑफ इंग्लंडची ही शिकवण नाही. डार्विनला १८८२ मध्ये पुरलं तेच मुळी वेस्टमिन्स्टर ॲबीत. चर्चच्या पुष्कळ शाळा आर. ई.साठी जे साहित्य वापरतात, त्यात नेमका या वयाच्या मुलांसाठी 'निर्मिती आणि विज्ञान: विरोधी की पूरक' असा धडाच आहे. हेडटीचरना लेखी कळवा. पाहुणा मुलांपुढे काय बोलणार, हे आधी विचारून घेणं शाळेचं काम आहे.

आमच्या वर्गात सकाळी टेबलांवर राजमा, मसूर आणि तांदूळ पसरलेले असतात. प्रत्येकजण पक्षी, आणि दाणे टिपायला प्रत्येकाला वेगळी चोच मिळते: कुणाला भुवया कोरायचा चिमटा, कुणाला कपडे वाळत घालायचा, कुणाला नुसत्या दोन काड्या. मिनिटभरात कोण किती दाणे उचलतं ते मोजायचं. नुसते तांदूळ असलेल्या बेटावर कोण जगेल, हे मग मला सांगावं लागत नाही. दुपारी आम्ही उत्पत्तीचा पहिला अध्याय, देवाने सहा दिवसांत जग घडवलं तो, मोठ्याने वाचतो. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हे पालुपद सहा वेळा येतं. मी विचारते, हे लिखाण कुठल्या प्रकारचं? बातमी, पाककृती, कथा, की गाणं? यावर वाद घालण्यात अर्धा तास जातो आणि मी तो जाऊ देते.

माझा नियम एकच: एका तासाला दुसऱ्या तासाचा साक्षीदार करायचं नाही. हे मी जॉर्ज लमेत्र यांच्याकडून शिकले. बेल्जियमचे हे कॅथलिक पाद्री उत्तम गणिती होते. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं. १९५१ मध्ये पोपनी आपल्या भाषणात त्या संशोधनाचा आधार जगाच्या निर्मितीसाठी घेतला, तेव्हा ते लमेत्रना रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असं ते सांगत राहिले. इतकी श्रद्धा असलेला माणूस आयता पुरावा नाकारतो, हे मुलांना फार विलक्षण वाटतं.

आपल्याकडेही ही चूक झाली आहे, आणि ती आमच्या माणसांनी केली. मिशनऱ्यांनी १८४२ साली नगरहून 'ज्ञानोदय' काढला. मराठीत विज्ञान आणण्यात त्याचा मोठा वाटा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण पुराणांतला दुधादह्याच्या समुद्रांचा भूगोल खोटा ठरवायला मिशनऱ्यांनी जी मोजपट्टी वापरली, ती बायबलातल्या सहा दिवसांच्या निर्मितीला तितक्याच कडकपणे लावली नाही. तुमच्या आजोबांचा दशावतारही त्याच वाटेने जातो. त्यांना दुखवू नका. मुलीला एवढंच विचारा, ती गोष्ट सांगणाऱ्याला मासा आधी की कासव हे सांगायचं होतं, की संकटात देव धावून येतो हे?

दोन्ही तास नेहमी गुण्यागोविंदाने नांदतात, असं मात्र मी म्हणणार नाही. मुलं प्रश्न चिठ्ठीवर लिहितात आणि तो कोणत्या तासाचा ते ठरवतात. एकदा एका मुलाने लिहिलं, "आजी कशाने गेली?" ही चिठ्ठी विज्ञानात गेली. "आजी आता कुठे आहे?" ही आर. ई.त. तिसरी त्याने हातातच धरून ठेवली: "तिचं दुखणं देवाला थांबवता येत नव्हतं का?" मी म्हटलं, बाळा, मीसुद्धा हेच विचारते, आणि प्रार्थनेत विचारते. मग वर्गाला ॲनीबद्दल सांगितलं. डार्विनची ही लेक १८५१ मध्ये गेली, तेव्हा दहा वर्षांची होती. वर्ग एकदम शांत झाला. त्या दिवशी मी दुसरं काही शिकवलं नाही.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या स्नेहसंमेलनाला येताय ना? मुलीला घेऊन या. तिचे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून आणायला सांगा.

— नगरची, सध्या लेस्टर

* * *

ताई,

तुमचं पत्र आम्ही तिघांनी मिळून वाचलं. हेडटीचरना आजच ईमेल केली, आर. ई. सोडणार नाही. लेकीने आत्तापर्यंत नऊ चिठ्ठ्या लिहिल्यात. सगळ्यात वरची अशी: "सूर्य जर चौथ्या दिवशी झाला, तर पहिले तीन दिवस मोजले कसे?"

— रेडिंग

* * *

हाच प्रश्न अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने तिसऱ्या शतकात विचारला होता. ती चिठ्ठी जपून ठेवायला सांगा, मला ती वर्गात लावायची आहे.

— लेस्टर