पोलिसांच्या निष्काळजीपणाबद्दल इंग्लंडमध्ये भरपाई नेमकी कधी मिळते?

कळव्याची विद्यार्थिनी

नमस्कार. मी ठाण्यात विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेसाठी आम्हाला इंग्लंडच्या कायद्यावरील एक समस्या मिळाली आहे. पूर्वीच्या जोडीदाराकडून जिवाला धोका असल्याचे एका स्त्रीने फोनवर कळवले, पोलीस उशिरा पोहोचले आणि तोवर तिचा खून झाला होता. मी तिच्या कुटुंबाच्या बाजूने उभी राहणार आहे. १९८८ च्या हिल खटल्यात, अनेक स्त्रियांचे खून करणाऱ्या पीटर सटक्लिफच्या शेवटच्या बळीच्या आईने तपासातील चुकांबद्दल केलेला दावा हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, फेटाळला. पण २०१८ च्या रॉबिन्सन खटल्यात पोलीसच जबाबदार ठरले. मग पोलिसांना निष्काळजीपणाच्या दाव्यापासून संरक्षण आहे की नाही? दोन दिवस वाचूनही मला याची संगती लागलेली नाही.

वाशीकर वकील

तुमचा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण हिल खटल्यानंतर कित्येक वर्षे तिथल्या खालच्या न्यायालयांनीही पोलिसांना सरसकट मुक्तता आहे असेच गृहीत धरले होते. रॉबिन्सनमध्ये न्यायाधीश लॉर्ड रीड यांनी ती समजूत दूर केली. हडर्सफील्डच्या रस्त्यावर एका संशयिताला पकडताना झालेल्या झटापटीत ७६ वर्षांच्या पादचारी वृद्धेच्या अंगावर पोलीस कोसळले आणि तिला इजा झाली. ही इजा पोलिसांच्या स्वतःच्या कृतीने झाली होती, म्हणून इतर कोणाही माणसाला लागू होणारा नियम त्यांनाही लागू झाला. हिलमध्ये मात्र इजा तिसऱ्याच माणसाने केली होती आणि पोलिसांवरचा आरोप ती न रोखल्याचा होता. दुसऱ्याने केलेली हानी रोखण्याचे कर्तव्य इंग्लिश कायदा सहसा कोणावरच लादत नाही, म्हणून पोलिसांवरही लादत नाही. सारांश, पोलीस असण्यामुळे सूटही नाही आणि जादा जबाबदारीही नाही.

तुमच्यासाठी खरा अडसर २०१५ चा मायकेल खटला आहे. ५ ऑगस्ट २००९ च्या पहाटे मायकेल नावाच्या तरुणीने ९९९ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. मोबाईलच्या मनोऱ्यामुळे तो शेजारच्या ग्वेंट पोलिसांकडे लागला, आणि तिथून साउथ वेल्स पोलिसांकडे निरोप जाताना त्याची निकड कमी झाली. पोलीस पोहोचेपर्यंत तिचा खून झाला होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी निष्काळजीपणाचा दावा फेटाळला. फोन घेणाऱ्या व्यक्तीने निरोप पुढे देते, फोन मोकळा ठेवा, एवढेच सांगितले होते. त्यातून जबाबदारी स्वीकारल्यासारखे होत नाही, असे बहुमताने ठरवले.

नेरूळची वाचक

वकीलसाहेबांचे विवेचन अचूक आहे. पण हे कायद्याचे तत्त्व मला पटत नाही, आणि न पटणाऱ्यांत मी एकटी नाही. मायकेलमध्ये न्यायाधीश लॉर्ड कर आणि लेडी हेल यांनी भिन्नमत नोंदवले होते. आपण ११२ वर फोन करतो तेव्हा मदत येईल या भरवशावर घरातच थांबतो. असा भरवसा निर्माण करणारी यंत्रणा स्वतः ठेवायची आणि तो फोल ठरल्यावर रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाइतकीच आपली जबाबदारी आहे असे म्हणायचे, हे मला न्याय्य वाटत नाही. मानवाधिकार कायद्याखालचा दावा त्या कुटुंबासाठी खुला राहिला हे खरे. पण तो साधारणपणे एका वर्षाच्या आत करावा लागतो आणि तिथे भरपाई देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर असते.

वाशीकर वकील

ताईंचा आक्षेप मी हलका मानत नाही. आपल्याकडची स्थिती तर आणखी विचित्र आहे. १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात पोलिसांनी ताब्यात घेतलेले सोने पोलीस ठाण्याच्या मालखान्यातूनच एका हेड कॉन्स्टेबलने पळवले, तरी सार्वभौम अधिकाराच्या (राज्यसत्तेच्या कामाबद्दल सरकारवर दावा चालत नाही या तत्त्वाच्या) नावाखाली भरपाई नाकारली गेली. १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा प्रकरणात कोठडीतील मृत्यूसाठी दीड लाख रुपये मिळाले, ते मूलभूत हक्काच्या वाटेने.

पण कळव्याच्या विद्यार्थिनीला बाजू मांडायची आहे, म्हणून २०२४ चा टिंडल निकाल तिने ओळ न् ओळ वाचावा. ४ मार्च २०१४ रोजी पहाटे रस्त्यावरच्या बर्फावरून घसरून एका चालकाची गाडी उलटली. तो स्वतः जखमी असताना येणाऱ्या गाड्यांना हातवारे करून सावध करत होता. पोलीस आल्यावर तो थांबला आणि रुग्णवाहिकेतून गेला. पोलिसांनी सावकाश जाण्याचा फलक लावला, काचा झाडल्या आणि फलक घेऊन ते निघून गेले. थोड्याच वेळात त्याच ठिकाणी दोन गाड्यांची समोरासमोर धडक झाली आणि दोघेही चालक मरण पावले. दावा फेटाळला गेला. मात्र मदत करणाऱ्या दुसऱ्याला आपल्या वागण्याने दूर केले, आणि तसे होईल हे कळायला हवे होते, तर परिस्थिती बिघडवल्याची जबाबदारी येते, हे न्यायालयाने मान्य केले. तो चालक इतरांना सावध करत होता हे पोलिसांना ठाऊक होते किंवा कळायला हवे होते, असे दाव्याच्या कथनात नव्हते, म्हणून दावा पडला. आता समस्येत पाहा: फोनवर नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, आणि मदतीला दुसरे कोणी निघाले होते का?

कळव्याची विद्यार्थिनी

सर, आताच पुन्हा वाचले. सातव्या परिच्छेदात आहे की तिचा भाऊ शेजारच्याच गल्लीत राहत होता. "मी भावाला बोलावते," असे ती म्हणाली, तेव्हा ऑपरेटरने, "गाडी निघाली आहे, त्यांना बोलावू नका," असे उत्तर दिले. मी ते वाक्य नुसते तपशील म्हणून सोडून दिले होते.

वाशीकर वकील

तुमचा युक्तिवाद त्या वाक्यापासूनच सुरू करा. मायकेलमध्ये असे आश्वासन नव्हते आणि कोणाला परतवलेही नव्हते. जोडीला २००० चा केंट विरुद्ध ग्रिफिथ्स वाचा. त्यात रुग्णवाहिका येत असल्याचे वारंवार सांगितले गेल्यामुळे दम्याच्या रुग्णाला दुसऱ्या वाहनाने नेले नाही, आणि रुग्णवाहिका सेवा जबाबदार ठरली. रुग्णवाहिका सेवा आणि पोलीस यांची तुलना होऊ शकत नाही, असे प्रतिपक्ष नक्की म्हणेल. त्याचे उत्तर आजच लिहून ठेवा.